तिसरी नळी

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडखाली
बाबालाल मुजावरांनी पितळ कातलं.
तोंड चार इंचाचं, मान दोन इंचाची,
पुढं हळूहळू रुंद होत गेलेलं अंग,
सुरई आडवी निजवावी तसं.
मानेत बोट फिरवून म्हणाले,
"अजून एक कुसळ लागतंय."
मला काहीच लागलं नाही.
मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला,
बोटं अजून कागदाची.

संध्याकाळी चाचणी.
पाइपवर तीन काचनळ्या उभ्या:
एक रुंदीत, एक मानेत, एक पार पलीकडं.
विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाची
चिमूट पाण्यात.

"सांग पोरी, मधल्या नळीत पाणी कुठवर चढंल?"
सगळ्यांत वर, मी म्हटलं.
अडचणीत सापडलंय, दाब वाढणारच.
नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की
पार शेवग्यापर्यंत जातंय की!
पैज: भडंगाची एक पुडी.

पंप खाकरला.
पहिली नळी छातीइतकी चढली,
आणि मधली
बसली.
पार तळाला, कुणी आतून ओढल्यागत.

बाबालाल हसले नाहीत.
"अंगठ्याचा दाब अंगठ्याच्या मागं असतोय.
फटीतनं सुटतंय ते नुसतं पळणं.
तेवढंच पाणी दोन इंचातनं जायचं
तर चौपट पळाय नको?
पगार तेवढाच, पोरी.
पळण्यावर खर्चला
की भिंतीला ढकलायला उरत न्हाई."

मी वहीत समीकरण काढलं.
तेही तेच म्हणत होतं,
फक्त पगार हा शब्द नव्हता.

मग तिसरी.
पाणी रुंदीला आलं, सावकाश झालं,
भिंतींना परत खांदा लावला,
नळीत चढत चढत
पहिलीच्या बरोबरीला येता येता
दोन बोटं खाली थांबलं.

मी फळी तपासली. ओळंबा लावून बघितला.
वाट बघितली.

"ते न्हाई येत परत."
बाबालाल खडूनं पत्र्यावर अंतर लिहीत होते.
"मानेतनं आल्याचं तेवढं जातंयच.
म्हणून तर पुढचं अंग एवढं लांब काढलंय.
एकदम मोकळं सोडलं
तर भोवऱ्यात गरगरून आणखी घालवतंय."

मग लेथला हात टेकून उठले.
पाठ सरळ होत आली,
झाली नाही.

भडंग मी आणलं.
त्यातले शेंगदाणे वेचून
त्यांनी माझ्याकडं सारले.