माप

बुधवारी कापसाच्या काडीवर पू आला.
फॉर्मवर : यल्लाप्पा मधाळे, वय एकसष्ट, जवाहरनगर.
डावा अंगठा. आरी लागली.
तांबड्या बशीवर मी रेघा ओढल्या.
गुरुवारी रेघांवर मणी उगवले, सोनेरी,
गुजरीत कुणी तारण घेणार नाही असलं सोनं.
त्यातला एक उचलून दुसऱ्या बशीभर पसरला,
वर सहा औषधांच्या सहा टिकल्या,
आणि सदतीस अंशांच्या कपाटाचं दार लावून घरी गेले.

शुक्रवारी रिपोर्टला म्हातारा स्वतःच आला.
अंगठ्याला चिंधी, चिंधीला हळद.
"बघू द्या की बाई, काय निघालंय ते."
नियमात बसत नाही.
दाखवलं.

आधी काच.
ह्या गुलाबी, मोठ्या, त्या तुमच्या पेशी.
पोटात जांभळे ठिपके दिसतात ते गिळलेले जंतू.
गिळता गिळता मेल्या. त्यालाच पू म्हणतो आपण.
एक डोळा मिटून तो बराच वेळ वाकून राहिला.
"आन् मी शिव्या देत पिळत होतो," म्हणाला.

मग बशी, झाकणासकट.
सायीसारखा थर पाच टिकल्यांना काठापर्यंत भिडलेला;
सहावीभोवती मात्र लख्ख मोकळा गोल.
पट्टी लावली : बावीस मिलिमीटर.
"ब्येस कापलंय. कुणाचा हात?"
औषधाचा, म्हटलं. आधीच्या गोळ्या किती घेतल्या?

"तीन दिस. ठणका गेला.
ऱ्हायलेल्या चार सुनेला दिल्या, तिला कणकण हुती."

फ्रीज घुरघुरत होता.
भाषण मला येत नाही.
विचारलं, मामा, गिऱ्हाइकाचं माप कसं घेता?
"कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल फिरवायची.
मग दहा वर्सांनी येऊ दे,
नुसता पाय बघून नाव सांगतो."

रक्तातही असे कागद असतात, म्हटलं, घडी घालून ठेवलेले.
पोरपणीच्या गोवराचं माप अजून आहे तुमच्यात.
आणि दंडावरची ही देवीची खूण
कधीच न आलेल्या गिऱ्हाइकाची.
पण जंतूही कारागीरच, मामा.
तीन दिवस औषध त्यांच्या कागदावर उभं राहिलं
आणि मधेच उठून गेलं.
जे मेले नाहीत, त्यांनी पेन्सिल फिरवून घेतली.

तो गप्प. चिंधीचं टोक आत खोचलं.
"आन् ह्या सहावीचं माप?"
अजून नाही त्यांच्याकडे.
म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस. पुरते.
"बरं वाटलं तरी?"
बरं वाटलं तरी. आणि सुनेला तुमच्या गोळ्या नाहीत.

संध्याकाळी बशा वाफेच्या भांड्यात घातल्या.
ती एक जरा वेळ दिव्यासमोर धरली.
पाच ठिकाणी हरलेलो आपण,
आणि एका ठिकाणी रुपयाच्या नाण्याहून
लहान एवढी मोकळी जागा.

महिन्याभराने तो परत आला, काम नसताना.
खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं,
दुसऱ्या खिशातून वहीचा कागद.
"पाय ठेवा. पैसे घेणार हं, आधीच सांगतो."
टाचेपासून पेन्सिल फिरत आली, गुदगुल्या झाल्या.
मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते, कागद दाबून धरलेल्या.
नवी, गुलाबी कातडी.
टाका कुठे दिसत नव्हता.