फळ्यावर, रविवारसाठी

अन्वरच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर
जुन्या टायरांना टेकवून ठेवलेला फळा आहे.
शाळेनं टाकून दिलेला. कोपऱ्यात अजून
कुणाच्या तरी हातचा सतराचा पाढा पुसट दिसतो.
त्याच्याखाली मी दर शुक्रवारी
क्लबच्या बातम्या लिहितो.

लोखंडी सावरगावच्या पुढं रस्ता उकरलाय, अर्धाच,
आणि फलक लावलाय बाभळीच्या आड.
बर्दापूरकडं वळणावर बारीक खडी.
तिथं ब्रेक दाबू नका, आधीच हळू व्हा,
गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या.
शिवकांताबाईंनी नवी गाडी घेतली, साडेतीनशे सीसी.
अंबाजोगाईत रात्रपाळी संपवून थेट येतात,
एप्रन पाठीवरच्या पिशवीत.
पेढे सगळ्यांना पोचले, आकुसकर सर सोडून.
त्यांना साखर आहे.

ऊसतोड सुरू झाली.
हे खरं तर लिहावं लागत नाही, रस्त्यालाच वास येतो,
पाचटाचा, डिझेलचा, बैलांच्या घामाचा.
एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या,
पुढं टेप मोठ्यानं
आणि मागं काहीच नाही, नुसती रात्र.
उभी ट्रॉली अंधारात दिसत नाही.
ती एकदम असते.

म्हणून मंगळवारी आम्ही नऊ जण
रेडियमच्या लाल पट्ट्या घेऊन फाट्यावर उभे होतो.
एक ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला,
‘कशाला लावायलाव? मला रस्ता पाठ हाय.’
अन्वर म्हणाला, ‘तुझ्यासाठी नाही मामू,
माघून येणाऱ्यासाठी.’
तो जरा थांबला. मग उतरला,
गळ्यातल्या गमछानं फाळक्यावरचा चिखल
स्वतःच पुसायला लागला,
पट्टी नीट बसावी म्हणून.
बैलगाडीवरच्या पोरीनं विचारलं,
शिंगाला लावली तर चालंल का?
चारही शिंगांना लावली.

हेल्मेटचं मी आता फळ्यावर लिहीत नाही.
मागच्या पौषात लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात.
गहिनीनाथनं वाचलं, हसला,
‘हेल्मेट’मधला ल अर्धा की पुरा
यावर माझ्याशी चहाभर वाद घातला
आणि हेल्मेट कोपरात अडकवून निघाला.

दोन दिवसांनी ते ठाण्यातून मीच आणलं.
ओरखडासुद्धा नव्हता.
काचेवर किमतीची चिठ्ठी होती तशीच.
त्या रात्री कॅज्युअल्टीत शिवकांताबाई होत्या.
त्यांनी मला जे सांगितलं
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ते हेल्मेट दुकानात खिळ्याला असतं.
कुणी विसरून आला तर त्यानं ते घ्यायचं.
पट्टा गहिनीच्या हनुवटीच्या मापाचा,
बरेच दिवस कुणी सरकवला नाही.
मीच सरकवू देत नव्हतो, म्हणा.
मग एका रविवारी अन्वरच्या भाच्याच्या डोक्यावर
ते डुगडुगताना बघून बाई ओरडल्या,
‘ढिला पट्टा म्हणजे डोक्यावर पालथं पातेलं!’
आणि सगळ्यांसमोर ओढला त्यांनी,
दोन बोटं मावतील एवढा.
मी दुकानाच्या मागं जाऊन
उगीच हात धुऊन आलो.

तर रविवारी, पहाटे साडेपाच, धर्मापुरीचा किल्ला.
एकाच्या बरोब्बर मागं एक नको, तिरकी रांग.
सगळ्यात हळू चालवणारा पुढं.
त्याच्यावर हसणारा सगळ्यात मागं.
प्रत्येकाच्या पट्ट्याचा ‘टक’ ऐकल्याशिवाय
मी हात खाली करणार नाही.
कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, जोरात लावा.
डबा आपापला.
खडू संपत आलाय,
येताना कुणीतरी आ