उलटी अक्षरं

बारनेबो, आधी हे शीक:
ठशावर सगळं उलटं कोरायचं,
तरच नाण्यावर सुलटं उठतं.
आपली लिपी उजवीकडूनच चालते, म्हणून माझा हात बसला.
पण तीस वर्षं उलटेच सम्राट वाचल्यावर
अंत्युखियाच्या चौकातल्या कमानीखाली
मला त्यांचं मोठेपण
पोरासारखं बोट लावून वाचावं लागतं.

नाव शेवटी. आधी बिरुदं.
इंपेरातोर:
हे म्हणे पूर्वी सैनिक ओरडायचे,
जिंकलेल्या मैदानात, घसा फुटेस्तोवर.
आता मी ओरडतो, छिन्नीनं, बसल्या जागी.
सीझर: कुणा एका घरचं आडनाव होतं.
पियुस, म्हणजे श्रद्धाळू.
फेलिक्स, म्हणजे नशीबवान.
दोन हिवाळ्यांत मी चार नशीबवान कोरले.
एकाला त्याच्याच तंबूत गाठलं.
बाकीच्यांचं कुणी नीट सांगत नाही.

चेहरा? चेहरा कुणी पाहिलाय!
वसंतात घोडेस्वार आला, थैलीत चिठ्ठी:
नवे आहेत. दाढी आहे.
एवढंच.
नाक मी माझ्या सासऱ्याचं दिलं.
महिनाभर निम्म्या पूर्वेनं
माल्कू कासाराच्या नाकावर गहू घेतला.
ठसा बोथट व्हायच्या आत दुसरा स्वार:
दाढी नाही.

औट घटकेचं राज्य, पण कड पुरत नाही बिरुदांना.
एकदा मी 'नशीबवान'मधली दोन अक्षरं गाळली.
तक्रार आली नाही.

शलमत विचारते, पगार कशात मिळाला?
मी अंगठा घासून दाखवतो:
सम्राटाच्या गालावरची चांदी निघून येते,
खाली तांबं,
आपल्या पातेल्याचंच.
ती म्हणते, मग पातेलंच ने बाजारात,
निदान त्यावर कुणाचं तोंड नाही.

त्या फडताळात बारा ठसे तयार आहेत.
मुकुटाचे किरण झाले, बिरुदं झाली,
नावाची जागा कोरी,
आणि मधोमध चेहऱ्याएवढं सपाट पोलाद.
नको, फार वेळ बघू नकोस त्यात.
घासून घासून लख्ख केलंय मी,
तुझंच तोंड दिसेल.

टापा ऐकू येतात?
जा, पाणी दे घोड्याला,
आणि विचारून ये,
दाढी आहे का.