मापात पाप

सुभान तडवी केळी तोलायचा, सावद्याला,
स्टेशनरोडच्या वखारीत, चाळीस वर्षं.
घडाच्या दांड्याचं वजन किती धरायचं
यावरून व्यापाऱ्यांशी झालेली त्याची भांडणं
अजून गावाला पाठ आहेत.
पहाटे पाचला मात्र तो आमचा.

कोरड्या नदीत, बाभळीखाली,
भरतीची तयारी करणारी अकरा पोरं, आम्ही तीन मुली.
चाचाकडे शिट्टी नव्हती.
अर्ध्या किलोचं लोखंडी माप होतं,
शिक्का झिजलेलं, वखारीतून बाद झालेलं.
जोर काढताना ते कंबरेवर ठेवायचं.
पडलं, तर पुन्हा एकपासून.

"कंबरेची झोळी नको.
कोपरं कोंबडीवानी फाकवू नको, बरगडीले लाव.
छाती जाऊ दे वाळूपर्यंत, वाळू काही चावत नाही.
खाली जाताना श्वास घे, वर येताना सोड.
आन् तोंड वाकडं करायले तुले कोणं सांगलं?"

मुलींना तो हात लावत नसे.
केळीच्या वाळक्या पानाची शीर घेऊन
दुरूनच दाखवायचा:
इथे. इथे मोडली तू.

त्या दिवशी मी एक्कावन्न काढले.
हेमराज झोपे मोठ्यानं मोजत होता,
पन्नासला त्यानं टाळीही वाजवली.
माप कधी पडलं होतं
ते मी पाहिलंच नव्हतं.
चाचा म्हणाला, "चार."
"चाचा, एक्कावन्न!"
"बाकीचे मानेनं काढले. मापात पाप."

तीन दिवस मी गेले नाही.
घरी दार लावून,
आईचा हातआरसा डब्याला टेकवून, बाजूनं,
काढून पाहिले.
आरशात अर्धीच दिसत होते. तेवढं पुरलं.
मान खाली जात होती.
मी जात नव्हते.

चौथ्या दिवशी काही न बोलता रांगेत उभी राहिले.
तोही काही बोलला नाही.
बैठकांचा दिवस होता.
"टाच जमिनीची. तिची तिले राहू दे.
गुडघा पंजाच्या रेषेत ठेव,
आत वळवशीन तर म्हातारपणी भेटीन तो तुले."
त्याला भेटला होता. उठताना कटकट वाजायचा.
पावसाळा आला, गेला, नदीला चार दिवस पाणी,
मग आम्ही शाळेच्या व्हरांड्यात,
मग पुन्हा वाळूत.
माझे चाराचे नऊ झाले, नवाचे सतरा.
सतरावर बरेच महिने अडले.

जळगावला उंचीच्या पट्टीखाली उभी राहिले तेव्हा
माझ्या पुढच्या मुलीनं टाचा अलगद उचलल्या होत्या,
केसांच्या जाळीआड बोटभर काहीतरी होतं,
आणि मोजणारा घाम पुसत होता.
माझी पाळी आली.
उचलायचं ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू.
टाचा उठल्याच नाहीत.
दीड वर्ष त्यांना कुणी उठू दिलं नव्हतं.
अर्ध्या सेंटिमीटरनं गेले.

संध्याकाळी वखारीच्या दारात चाचाला सांगितलं.
त्यानं एकच विचारलं, "टाच?"
"खाली."
"येडी पोरगी," तो ओरडला,
"तिथे जराशी…"
आणि थांबला.
पुढचं वाक्य त्याच्या घशात कसं गेलं
ते मी समोरून पाहिलं.
मग उगाचच रिकामा तराजू हलवत बसला.

दुसऱ्या दिवशी पाचला मी गेले.
का, ते विचारू नका.
पोरं अजून यायची होती.
चाचानं सदरा काढून बाभळीला टांगला,
वाळूवर पंजे रोवले
आणि जोर काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा
आम्ही नव्हे, तो.
दंड थरथरले, पाठीची कातडी लोंबली,
पोट वाळूला टेकलं छातीच्या आधी.
कसाबसा वर आला, धापा टाकत.
"कितले झाले?"

सातपुड्यावर उजाडत होतं.
मी खाली वाकले, वाळूतून शीर उचलली,
दुरूनच दाखवली.

"चाचा, कंबर."