झाकण

पहाटे चारला वर्ना कोंबडीची कातडी सोलते.
पिवळी चरबी सुरीच्या टोकानं खरवडून काढते,
कुत्र्यालाही देत नाही.
जिरं, दालचिनी, पाप्रिका,
बिनमिठाचा टोमॅटोचा डबा,
आणि मिठाची भरपाई म्हणून लिंबू, जरा जास्तच.
स्लो कुकर 'लो'वर. आठ तास.

"झाकण उघडू नकोस," बूट चढवता चढवता ती बजावते,
"एकदा उघडलं की अर्धा तास गेला."

तीस हिवाळे आर्व्होनं डुलुथचे रस्ते
बर्फाखालून उकरून काढले.
आता खिडकीशी बसून
दुसऱ्या कुणाचं तरी काम बघतो:
वळणावर ढीग सोडलाय, गाढवानं.
स्वेटरखाली छातीवरची शिवण खाजते.

दुपारी सरोवरावरून वारा सुटतो.
काचेच्या झाकणावर थेंब जमतात, ओघळतात.
तो उठतो, काठी विसरून,
टॉवेलाची घडी करून झाकणावर ठेवतो
आणि तीवर तळवा.

आत काहीतरी मंद
गुबगुबतंय, न थांबता.

तो मोजायला लागतो.
चाळिसाच्या पुढे आकडे चुकतात.
पुन्हा पहिल्यापासून.

रात्री ती विचारते, "उघडलंस?"
"नाही," तो म्हणतो,
आणि टेबलावर मिठाची बाटली शोधतो.