पताम

लकडगंजात, आरागिरणीमागं, टिनाखाली
झिंगरूजी रंधा मशीनचं झाकण काढतात.
झाकण ठेवून पताम निघत नाही.
"पातं उघडं झालं, बे. आता तू जागा राह्य."

गाईड बोटभर आत.
टेबल अर्धं सूत खाली,
मग पुन्हा अर्धं.
"एका दमात घेशील त सागवान उसळते, बाप्पा."

ढकलायला बाभळीचा ठोकळा,
तेलकट, काळा.
त्याला ते अकरावं बोट म्हणतात.

बटण बंद केल्यावरही कोणी हलत नाही.
भिरभिर पार विझू द्यायची,
आधी झाकण, भुसा नंतर.

संध्याकाळी नळाखाली
झिंगरूजी बोटं मोजतात, सावकाश,
पावतीवरची बेरीज तपासावी तशी.
दहा.

चौकटीत काच
उद्या बसवू.