कोरड्याचं भाडं

फाटकाशी रेनकोट भाड्याने देणारी बाई म्हणाली,
नका घेऊ. ऑक्टोबर आहे.
पाणी असलंच तर पलीकडच्या देशात.
मी म्हटलं, द्या तरी.
लुसाकाच्या कारखान्यात तीन आठवडे
दुसऱ्यांचे हिशेब तपासून
एक तरी निरर्थक खर्च मला
स्वतःच्या सहीने करायचा होता.

तिने पिवळा दिला. मुटिंटा तिचं नाव.
माझं वहीत उतरवलं, तीनदा विचारून,
आणि पुन्हा विणायला बसली,
खुंट्यांवर चाळीस कोरडे कोट,
घरी कुणी नसल्यासारखे.

मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर.
कड्यावर पोचलो तर ना धूर ना गर्जना.
नाव सोनूबाई.
समोर उभा चिरलेला काळा खडक,
जुन्या तव्याच्या बुडासारखा,
आणि खाली बघितलं की पोटात हलतं एवढी खोली.

कठड्याशी आणखी तिघं होती,
लग्नघरी एक दिवस उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी.
लुब्लियानाची झ्डेन्का, जमीनमोजणीतून निवृत्त.
बुसानचा ग्योंगहो, गळ्यात पाण्याखाली चालणारा कॅमेरा.
आणि सिताली, याच देशाचा,
सोल्वेझीच्या तांब्याच्या खाणीतून पन्नाशीत पहिल्यांदा इथे.
कुणी कुणाकडे बघेना.
शेवटी झ्डेन्काच म्हणाली, तिकीट स्वस्त होतं.
माझंही, ग्योंगहो म्हणाला.
सिताली म्हणाला, रजाच आत्ता मिळाली.
मग आम्ही इतके हसलो
की चोमाहून सहलीला आलेली शाळा गप्प झाली.

एप्रिलमध्ये नदी जिथून उडी घेते
तिथेच ती मुलं डबे उघडून बसली होती,
निळे गणवेश, आणि दर मिनिटाला मोजणारे मास्तर.
त्यातल्या चोल्वेनं माझी बाही चाचपली.
पाऊस आणलाय का तुम्ही?
नाही.
मग कोट?
लेखापरीक्षणात इतका नेमका प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.

बबून आला तो झ्डेन्काच्या उकडलेल्या अंड्यांसाठी,
पण हाती लागलं माझ्या कोटाचं टोक.
सिताली लोझीत ओरडला,
बबूनने त्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं,
मग एक हिसडा.
एक गुंडी उडाली. टक्, टक्,
आणि पुढे काहीच नाही.

वाचलेली अंडी आम्ही त्याच कोटावर मांडली.
सितालीची सुकी कापेंटा, ग्योंगहोचं समुद्री शेवाळ,
माझ्या डबीतली जवसाची चटणी.
झ्डेन्काला जोराचा ठसका लागला.
डोळे पुसून तिने पुन्हा मागितली.

दुपारी पुलावर गेलो.
पुलाच्या मध्यावर देश संपतो.
माझ्या व्हिसावर एकदाच प्रवेश लिहिलेला,
तेव्हा पाणी त्या देशात, खडक या देशात,
आणि मी अलीकडे, चपलेचा अंगठा सांभाळत.
लांब, कड्याच्या टोकाला पांढरं काही हललं.
मग ऐकू आलं, बारीक,
शेजारच्या खोलीत कुणी नळ उघडा ठेवल्यासारखं.
सितालीने टोपी काढली.
का, ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
ग्योंगहोने कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

संध्याकाळी मुटिंटाने कोट उलटा केला, सुलटा केला,
हुंगलासुद्धा.
कोरड्याचं भाडं मी घेत नाही, म्हणाली,
आणि सगळे पैसे परत दिले.
एप्रिलमध्ये या. तेव्हा धूर असतो,
इतका, की काही म्हणजे काही दिसत नाही.
मग बोटाने गुंड्या मोजल्या.
पाच.
सहा होत्या.
गुंडीचे दहा क्वाचा.

दिले. रात्री वहीत लिहिलं:
गुंडी, एक. पावती नाही.
ती तिथेच असेल, खडकाच्या कुठल्यातरी खाचेत,
नदी येईपर्यंत.